आयफ्रेममधलं बटण डोळ्यांना दिसतं, सेलेनियमला सापडत नाही: दर रिलीजला परतणाऱ्या बिघाडाचं निवारण

सेलेनियम, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं साधन, वापरणाऱ्या बहुतेक टेस्टरांच्या हे लक्षण ओळखीचं आहे. सोसायटीचा मेंटेनन्स ऑनलाइन भरायचं एखादं पोर्टल घ्या. विंग, फ्लॅट नंबर, रक्कम ₹३,८५० इथपर्यंत टेस्ट सरळ जाते. कार्ड नंबरच्या रकान्यापाशी अडते आणि ‘नो सच एलिमेंट’ म्हणून पडते. स्क्रीनशॉट उघडला तर रकाना समोरच आहे. डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत) तोच एक्सपाथ (एलिमेंटचा पानातला पत्ता) टाकला तर जुळतो. मग कुणीतरी ‘फ्रेम ०’ वर स्विच करणारी ओळ आणि पाच सेकंदांचा स्लीप घालतं. दोन रिलीज सगळं हिरवं राहतं. तिसऱ्या रिलीजच्या रात्री जेनकिन्सवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) रिग्रेशन (जुन्या टेस्टांची पूर्ण फेरी) चालतं आणि सकाळी कांजूरमार्गला उतरेपर्यंत फोनवर रिपोर्ट आलेला असतो: पेमेंटची टेस्ट लाल, आणि तिच्यामागून पेमेंटशी काडीचाही संबंध नसलेल्या टेस्टही लाल.

हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो, कारण दर वेळी फक्त त्या दिवसाची ओळ दुरुस्त होते. खाली कारणं आणि त्यांवरचे उपाय दिले आहेत. उदाहरणं सेलेनियमची आहेत, प्लेराइट आणि सायप्रस या तशाच साधनांचं शेवटाकडे आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, स्पेलिंग तुमच्या एडिटरचं ऑटो-कम्प्लीट पुरवेल.

ड्रायव्हर आत्ता कुठे उभा आहे?

आयफ्रेम म्हणजे पानाच्या आत बसवलेलं दुसरं, स्वतंत्र पान. त्याचं डॉक्युमेंट वेगळं, डॉमचं (पानातल्या एलिमेंटांच्या रचनेचं) झाड वेगळं. वेबड्रायव्हर (सेलेनियमचा ब्राउझर हाकणारा भाग) एका वेळी एकाच डॉक्युमेंटात उभा असतो आणि ‘फाइंड एलिमेंट’ फक्त त्याच डॉक्युमेंटात शोधतो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जून २०१८ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या वेबड्रायव्हर प्रोटोकॉलमध्येच हे ठरलेलं आहे, त्यामुळे क्रोम, फायरफॉक्स, एज कुठलाही ब्राउझर घ्या, वागणूक तीच. चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की सगळ्या खोल्यांची दारं दिसतात, पण आतलं कपाट उघडायचं तर उंबरठा ओलांडावाच लागतो.

म्हणून ‘//आयफ्रेम//इनपुट’ असा एक्सपाथ कधीच चालणार नाही, कितीही वाट पाहिली तरी. एक्सपाथ किंवा सीएसएस सिलेक्टर फ्रेमची सीमा ओलांडत नाही.

मग डेव्हटूल्समध्ये तो जुळतो कसा? क्रोमच्या एलिमेंट्स पॅनलमध्ये कंट्रोल-एफ करून शोधलं की शोध आतल्या फ्रेमच्या डॉक्युमेंटांतही होतो. ‘१ पैकी १’ दिसलं म्हणून तो एलिमेंट मुख्य पानात आहे असं समजू नका. खात्री करायची तर कन्सोलमध्ये जा. कन्सोलच्या वरच्या पट्टीत डावीकडे ‘टॉप’ लिहिलेला ड्रॉपडाउन असतो. तो ‘टॉप’वर ठेवून डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर चालवा. उत्तर ‘नल’ आलं आणि ड्रॉपडाउनमधून आतली फ्रेम निवडल्यावर एलिमेंट मिळाला, की निदान पक्कं झालं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि पुढचा अख्खा दिवस वाचतो.

टेस्टच्या आतून जागा कशी तपासायची

टेस्ट पडली की बरेच जण करंट यूआरएल आणि टायटल लॉगमध्ये छापतात. फ्रेमच्या बाबतीत ही दोन्ही माहिती निरुपयोगी आहे. ड्रायव्हर कितीही आत गेलेला असला तरी गेट-करंट-यूआरएल आणि गेट-टायटल सर्वांत वरच्या पानाचंच उत्तर देतात. स्क्रीनशॉटही वरच्या पानाचाच येतो.

गेट-पेज-सोर्स मात्र ड्रायव्हर जिथे उभा आहे त्या फ्रेमचा सोर्स देतो. आणि एक्झिक्यूट-स्क्रिप्टही त्याच फ्रेममध्ये चालते. तेव्हा पडणाऱ्या ओळीच्या लगेच आधी या तीन गोष्टी छापा:

रिटर्न विंडो.लोकेशन.एचरेफ
रिटर्न विंडो.नेम
रिटर्न विंडो.फ्रेम्स.लेंग्थ

पहिल्या दोन ओळी सांगतात आपण कुठे आहोत. तिसरी सांगते, इथून आत जायला किती फ्रेम आहेत. त्याच जागी सगळ्या आयफ्रेम गोळा करून प्रत्येकीचा आयडी, नेम, टायटल, एसआरसी (आतल्या पानाचा पत्ता), रुंदी आणि उंची छापली तर फारच उत्तम. हे छापणारं एक छोटं फंक्शन फ्रेमवर्कमध्ये कायमचं ठेवा आणि टेस्ट फेल झाल्यावर आपोआप चालेल असं लिसनरमध्ये जोडा. टीअरडाउनच्या (टेस्टनंतरच्या आवराआवरीच्या) आधी चाललं पाहिजे, कारण टीअरडाउनमध्ये ड्रायव्हर वर आला की पुरावा गेला.

लोकेशनच्या जागी कधी कधी ‘क्रोम-एरर’ने सुरू होणारा पत्ता छापलेला दिसेल. त्याचा अर्थ फ्रेम आहे, ड्रायव्हर आतही गेला, पण आत ब्राउझरचं एररचं पान आहे. लोकेटर बदलून इथे काहीही होणार नाही. बहुधा जेनकिन्सच्या मशीनवरून ऑफिसच्या प्रॉक्सीने पेमेंट गेटवेचा सँडबॉक्स (चाचणीसाठीची नकली व्यवस्था) अडवलेला असतो. किंवा गेटवेने सीएसपीच्या (ब्राउझरला दिलेल्या सुरक्षा-नियमांच्या) फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्समध्ये म्हणजे आपलं पान कुणाच्या फ्रेममध्ये चालेल त्या यादीत, फक्त यूएटीचा (वापरकर्त्यांच्या तपासणीच्या एन्व्हायर्नमेंटचा) डोमेन घातलेला असतो, आणि टेस्ट एसआयटीवर (सिस्टम-जोडणीच्या तपासणीच्या एन्व्हायर्नमेंटवर) चाललेली असते. तुमच्या लॅपटॉपवर चालतं आणि रात्री चालत नाही, या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं. हा नेटवर्क टीमचा किंवा गेटवेच्या कॉन्फिगरेशनचा तिकीट आहे, ऑटोमेशनचा नाही.

एरर काय म्हणतो ते नीट वाचा

‘नो सच एलिमेंट’ म्हणजे ड्रायव्हर जिथे आहे तिथे तो एलिमेंट नाही: तो चुकीच्या खोलीत आहे किंवा लवकर पोचलाय. ‘नो सच फ्रेम’ म्हणजे आत जायचा प्रयत्नच फसला. ‘स्टेल एलिमेंट’ म्हणजे एलिमेंट आधी पकडला होता, मधल्या काळात डॉक्युमेंट बदललं. ‘नो सच विंडो’ने सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. ब्राउझरची खिडकी तर समोर उघडी असते! इथे ‘विंडो’चा अर्थ ड्रायव्हर ज्या फ्रेममध्ये उभा होता ती फ्रेमच पानातून काढली गेली, असा घ्यायचा. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा सुरू करायची गरज नसते, डिफॉल्ट-कंटेंटला, म्हणजे सर्वांत वरच्या पानात, गेलं की तो पूर्ववत चालतो.

इंडेक्स: दर रिलीजला परतणाऱ्या बिघाडाचं पहिलं मूळ

स्विच-टू-फ्रेम तीन प्रकारे बोलावता येतं: आकड्याने, नाव किंवा आयडीने, आणि एलिमेंटने. आकडा ० पासून सुरू होतो. लिहायला सोपा म्हणून तोच वापरला जातो, आणि तोच दगा देतो.

पेमेंट फ्रेमच्या आधी पानात एक जरी फ्रेम वाढली की ० ची १ होते. मार्केटिंगने वरती व्हिडिओ टाकला, कुकी-संमतीची पट्टी आली, गेटवेच्या स्क्रिप्टनेच मदतीला शून्य आकाराची लपलेली फ्रेम घातली, एवढं पुरतं. त्यात यूएटीवर व्हिडिओ आहे आणि एसआयटीवर नाही असं असलं तर तीच टेस्ट एका ठिकाणी हिरवी, दुसरीकडे लाल. फ्रेम स्क्रिप्टने घातल्या जात असतील तर त्याच एन्व्हायर्नमेंटवरही दोन रनमध्ये फरक पडतो.

इंडेक्स वापरूच नका. फ्रेमचा एलिमेंट आधी शोधा आणि तो स्विचला द्या. शोधताना पसंतीचा क्रम असा ठेवा: टायटल, मग स्थिर आयडी किंवा नेम, मग एसआरसीचा ओळखू येणारा भाग. नेमच्या शेवटी दर वेळी बदलणारा आकडा असेल तर सीएसएसमधलं ‘ने सुरू होणारं’ वापरा: आयफ्रेम[नेम^='कार्ड-नंबर']. एसआरसीतला पूर्ण पत्ता कधी घेऊ नका, त्यात सेशनचा टोकन असतो आणि एन्व्हायर्नमेंटप्रमाणे डोमेनही बदलतो. पत्त्यातला मधला मार्ग पुरे.

नावाने स्विच करताना एक बारकावा ध्यानात ठेवा. प्रोटोकॉलला नाव कळतच नाही. त्याला फक्त आकडा, एलिमेंट किंवा ‘नल’ कळतं. जावा आणि पायथनच्या लायब्ऱ्या तुम्ही दिलेलं नाव घेऊन स्वतःच त्या आयडीचा किंवा नेमचा एलिमेंट शोधतात आणि तो पुढे पाठवतात. त्यामुळे एक्सेल किंवा प्रॉपर्टीज फाइलमधून इंडेक्स वाचून सरळ स्विचला दिला तर तो "०" अशी स्ट्रिंग असतो, आणि लायब्ररी ‘०’ नावाची फ्रेम शोधत बसते. मिळतं ‘नो सच फ्रेम’, आणि माणूस शोधत बसतो की पहिली फ्रेम गेली कुठे.

कधी एकाच नावाच्या दोन फ्रेम असतात, एक डेस्कटॉप मांडणीसाठी आणि एक मोबाइलसाठी, त्यातली एक लपवलेली. लपलेल्या फ्रेममध्येही स्विच बिनतक्रार होतं, मग आतलं बटण ‘एलिमेंट नॉट इंटरॅक्टेबल’ देतं. सगळ्या जुळणाऱ्या फ्रेम घेऊन ‘इज-डिस्प्लेड’ असलेली निवडा. हेडलेस (ब्राउझर पडद्यावर न दाखवता चालणाऱ्या) रनमध्ये खिडकीचा आकार ठरवून द्या, १९२० बाय १०८० वगैरे. नाहीतर लहान खिडकीमुळे मोबाइलची मांडणी येते आणि दिसणारी फ्रेम उलट होते.

आत राहून गेलेला ड्रायव्हर: दुसरं मूळ

एका खऱ्या चुकीमागे निष्पाप टेस्टांची रांग पडते ती यामुळे. पेमेंटची टेस्ट फ्रेमच्या आत असताना पडली. बाहेर येण्याची ओळ तिच्या शेवटी होती, तिथवर पोचलीच नाही. पुढची टेस्ट त्याच सेशनमध्ये वरच्या मेनूतली ‘तक्रार नोंदवा’ ही लिंक शोधते. लिंक मुख्य पानात, ड्रायव्हर फ्रेममध्ये. ‘नो सच एलिमेंट’. तिच्या पुढचीही तशीच.

काही सूटमध्ये (टेस्टांच्या संचांत) हे घडत नाही, कारण प्रत्येक टेस्ट ड्रायव्हर.गेटने सुरू होते. गेट आणि रिफ्रेश दोन्ही ड्रायव्हरला आपोआप वरच्या पानात आणतात. विंडो स्विच केली तरी त्या विंडोच्या वरच्या पानात येतो. पण सिंगल-पेज अ‍ॅपमध्ये मेनूवर क्लिक करत पुढे जाणाऱ्या टेस्टांना हे संरक्षण नाही.

फ्रेममध्ये जाणं आणि बाहेर येणं हे टेस्ट लिहिणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोडायचं नाही, एकाच फंक्शनमध्ये बांधायचं. त्याला ‘फ्रेममध्ये करा’ म्हणू. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: फ्रेमच्या लोकेटरांची यादी, बाहेरून आत या क्रमाने, आणि आत करायचं काम. फंक्शन आधी डिफॉल्ट-कंटेंटला जातं, सध्या कुठे उभं आहे याची पर्वा न करता. मग यादीतली एकेक फ्रेम उपलब्ध होईपर्यंत थांबून आत शिरतं. मग काम. हे सगळं ट्रायमध्ये, आणि फायनलीमध्ये (मध्येच एरर आला तरी चालणाऱ्या भागात) पुन्हा डिफॉल्ट-कंटेंट. पायथनमध्ये हेच कॉन्टेक्स्ट मॅनेजरने सुटसुटीत होतं, जावामध्ये लॅम्डा द्या. आतून काही वाचून आणायचं असेल तर मजकूर किंवा व्हॅल्यू परत द्या, वेबएलिमेंट कधीही परत देऊ नका. आत पकडलेला एलिमेंट बाहेर आल्यावर वापरला की ‘स्टेल’ किंवा ‘नो सच एलिमेंट’ ठरलेला.

हे फंक्शन आलं की कोड रिव्ह्यूमध्ये एकच नियम लावा: स्विच-टू-फ्रेम हे शब्द या फाइलबाहेर दिसले तर पुल रिक्वेस्ट परत. टीम मोठी असेल तर हा नियम लिंटरमध्ये (कोडचे नियम आपोआप तपासणाऱ्या साधनात) घाला.

पेज ऑब्जेक्ट (प्रत्येक पानासाठी एक क्लास) वापरणाऱ्यांसाठी: जावाच्या पेजफॅक्टरीतलं फाइंडबाय लावलेलं फील्ड दर वापराला नव्याने शोधलं जातं, ते जिथे उभे असाल तिथे. पेजचा क्लास कुठल्या फ्रेमचा आहे हे त्याला माहीत नसतं. कॅशलुकअप (एकदा सापडलेला एलिमेंट धरून ठेवणं) लावलेलं असेल तर फ्रेमच्या आतल्या फील्डवरून ते काढून टाका.

आणि समांतर रन चालवत असाल तर एक ड्रायव्हर दोन थ्रेडमध्ये वाटू नका. फ्रेममधली जागा सेशनला एकच असते. एका थ्रेडने आत पाऊल टाकलं की दुसरा थ्रेडही नकळत आत. यातून येणारे एरर इतके अनियमित असतात की महिना गेला तरी माग लागत नाही.

फ्रेम तीच राहिली की नवी आली?

सबमिट केल्यावर फ्रेममधला मजकूर बदलला, यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली: आयफ्रेमचा टॅग तोच, आत नवं डॉक्युमेंट आलं. ड्रायव्हर आतच आहे, जुने एलिमेंट स्टेल झाले, नवे शोधले की सापडतात. पुन्हा स्विच करायची गरज नाही. उलट मुख्य पानात न येता पुन्हा स्विच करायला गेलात तर ‘नो सच’ मिळेल, कारण त्या फ्रेमचा टॅग आईच्या डॉक्युमेंटात आहे, आत नाही.

दुसरी: रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलरने जुना आयफ्रेमचा टॅग काढून तसाच दुसरा बसवला. दिसायला काहीच फरक नाही, आयडीही तोच. पण ड्रायव्हर ज्या फ्रेममध्ये होता ती आता नाही. ‘नो सच विंडो’. टॅग डॉममध्ये एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला तरी ब्राउझर सहसा फ्रेम पुन्हा लोड करतो.

यातलं काय घडतंय ते बघायचं असेल तर कन्सोलमध्ये आयफ्रेमचा एलिमेंट एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, सबमिट करा, मग त्या व्हेरिएबलचं ‘इज-कनेक्टेड’ तपासा. फॉल्स आलं तर टॅग बदलला. ‘फ्रेममध्ये करा’ फंक्शन दर वेळी वरून सुरुवात करत असल्याने दोन्ही प्रकार पेलतं, अट एवढीच की सबमिटचं क्लिक आणि त्यानंतरची तपासणी दोन वेगळ्या बोलावण्यांत असावी.

कार्ड आणि ओटीपी: फ्रेमच्या आत फ्रेम

भारतातल्या पेमेंटची टेस्ट परदेशी उदाहरणं वाचून लिहिली की इथे फसते. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जास्तीची पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, त्यामुळे ओटीपीचा टप्पा आपल्याकडे जवळजवळ नेहमी येतो. आणि तो पुष्कळदा गेटवेच्या फ्रेमच्या आत बँकेच्या फ्रेममध्ये येतो.

मुख्य पानातून बँकेच्या फ्रेमपर्यंत एका उडीत जाता येत नाही. आधी गेटवेची फ्रेम, तिच्यात उभं राहून बँकेची फ्रेम शोधायची, मग आत. ओटीपी सबमिट झाला की बँकेची फ्रेम नाहीशी होते. इथे पॅरेंट-फ्रेमने एक पायरी वर यायचा मोह टाळा. बरेचदा गेटवेचीही फ्रेम त्याच क्षणी बंद होत असते. डिफॉल्ट-कंटेंटला येऊन पावतीच्या पानाची वाट बघा.

दुसरी अडचण अशी की अनेक गेटवे कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही यांना तीन वेगळ्या फ्रेममध्ये ठेवतात, म्हणजे कार्डाची माहिती व्यापाऱ्याच्या पानाला वाचता येत नाही. दिसायला एकच फॉर्म. कार्ड नंबर भरून टॅबची कळ पाठवली की कर्सर मुदतीच्या रकान्यात जातो, ड्रायव्हर मात्र जात नाही. म्हणून तिन्ही रकान्यांसाठी बाहेर येऊन पुन्हा आत जा.

नंबर टाकताना आपोआप चार-चार आकड्यांनंतर जागा सोडणारे रकाने वेगाने पाठवलेले आकडे गिळतात. ४१११ १११११ असं काहीबाही उरतं आणि पुढे ‘पे’ बटण बंदच राहतं. पाठवून झाल्यावर व्हॅल्यू वाचा, मोकळ्या जागा काढा, १६ आकडे जुळतात का पाहा. जुळले नाहीत तर रकाना पुसून एकेक आकडा पाठवा.

खऱ्या बँकेचं ओटीपीचं पान ऑटोमेट करू नका. गेटवेच्या सँडबॉक्समध्ये ठरलेला ओटीपी किंवा ‘यशस्वी/अयशस्वी’ अशी दोन बटणं असतात, तीच वापरा. कॅप्चाही फ्रेममध्येच असतो, आणि त्याच्यावर लोकेटर चालवण्यात वेळ घालवू नका. रीकॅप्चाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी गुगलने टेस्टिंगच्या की दिलेल्या आहेत, त्या टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर लावून घ्या.

वाट कशाची पाहायची

ड्रायव्हर.गेट पानाचा लोड इव्हेंट होईपर्यंत थांबतो. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये असलेल्या साध्या आयफ्रेमही तोवर लोड होतात. स्क्रिप्टने नंतर घातलेली फ्रेम मात्र या हिशेबात नाही, आणि पेमेंटच्या फ्रेम सहसा अशाच असतात.

‘फ्रेम-टू-बी-अव्हेलेबल-अँड-स्विच-टू-इट’ ही अट वापरा, पण तेवढ्यावर थांबू नका. फ्रेममध्ये शिरता आलं की ती अट पूर्ण होते. आत त्या क्षणी ‘अबाउट:ब्लँक’ असू शकतं, खरं पान एका सेकंदाने येतं. म्हणून स्विचनंतर लगेच आतल्या ठरावीक एलिमेंटची दुसरी वाट पाहा, कार्ड नंबरच्या रकान्याची क्लिक होण्याजोगा होईपर्यंत. या दोन वाटा लावल्या की स्लीप काढून टाका. फ्रेमच्या वाटेला २० सेकंद द्या, गेटवेचा सँडबॉक्स बाहेरच्या नेटवर्कवर असतो. आतल्या एलिमेंटला १० पुरतात.

इम्प्लिसिट वेट ० असतो, तो ०च ठेवा. इम्प्लिसिट आणि एक्सप्लिसिट मिसळले की प्रत्यक्ष वाट किती पाहिली जाते त्याचा अंदाज लागत नाही.

फ्रेमला ‘लोडिंग=लेझी’ असेल आणि ती पानाच्या बरीच खाली असेल तर स्क्रोल केल्याशिवाय ती भरणारच नाही. स्विचच्या आधी स्क्रोल-इंटू-व्ह्यू. ‘फ्रेममध्ये करा’ फंक्शनमध्येच ही ओळ टाका, नुकसान काही नाही.

क्लिक झालं, पण घडलं काहीच नाही

एरर नाही, लॉगमध्ये क्लिक यशस्वी, पण पान हललं नाही. क्लिकच्या आधी ड्रायव्हर त्या बिंदूवर दुसरं काही आडवं आलंय का ते तपासतो, पण प्रोटोकॉलप्रमाणे ही तपासणी तो ज्या फ्रेममध्ये आहे त्याच डॉक्युमेंटापुरती असते. मुख्य पानाची वर चिकटलेली पट्टी किंवा खालून सरकत आलेला चॅटचा गोळा फ्रेमच्या बटणावर आला, तर आतून ते कळेलच असं नाही. मग क्लिक त्या पट्टीवर पडतं. स्क्रीनशॉटमध्ये बटणाची जागा नीट पाहा. झाकलेलं असेल तर मुख्य पानात येऊन फ्रेम स्क्रीनच्या मधोमध येईल असं स्क्रोल करा किंवा तो गोळा बंद करा. जावास्क्रिप्टने क्लिक करून वेळ मारून नेऊ नका. खऱ्या सभासदाच्या मोबाइलवरही ते बटण झाकलेलंच असेल, आणि तो सापडलेला बग आहे.

थोडक्यात आणखी काही ठिकाणं

सूचना किंवा परिपत्रक लिहायचा एडिटर: टायनीएमसीई आपल्या नेहमीच्या पद्धतीत आयफ्रेम वापरतो, तिचा आयडी ‘_आयएफआर’ने संपतो, आणि आत लिहायचं ते बॉडीमध्ये. सीकेएडिटर ४ ही फ्रेम वापरायचा, सीकेएडिटर ५ वापरत नाही. अपग्रेडनंतर एडिटरची टेस्ट पडली तर स्विचच काढून टाकायचा असतो.

जुनी इंट्रानेट अ‍ॅप्लिकेशन्स फ्रेमसेटवर चालतात: वर हेडर, डावीकडे मेनू, उजवीकडे मुख्य भाग. मेनूच्या फ्रेममध्ये क्लिक केलं की पान मुख्य फ्रेममध्ये उघडतं. मेनूतून सरळ मुख्य फ्रेममध्ये जाता येत नाही, त्या शेजारणी आहेत. आधी वर, मग दुसरीत.

आयफ्रेम शॅडो रूटच्या (एखाद्या एलिमेंटच्या आत दडवलेल्या वेगळ्या डॉमच्या) आत असेल तर मुख्य पानातून तिचा टॅगच सापडत नाही. सेलेनियम ४ मध्ये होस्ट एलिमेंटवर गेट-शॅडो-रूट करा, त्यातून सीएसएसनेच आयफ्रेम शोधा, आणि तो एलिमेंट स्विचला द्या.

अलर्टसाठी फ्रेम बदलावी लागत नाही, तो फ्रेममधून आला तरी तिथूनच स्वीकारता येतो. कुकी मात्र ड्रायव्हर ज्या डॉक्युमेंटात आहे त्याच्या मिळतात. सेशनची कुकी ‘गायब’ झाली असं वाटलं तर आधी बाहेर या.

प्लेराइट आणि सायप्रस

प्लेराइटमध्ये ‘आत जाणं’ हा प्रकारच नाही. फ्रेम-लोकेटरने फ्रेम सांगायची आणि त्याला जोडून आतला लोकेटर. दर कृतीच्या वेळी दोन्ही नव्याने शोधले जातात, त्यामुळे आत राहून जाण्याचा आणि टॅग बदलण्याचा, दोन्ही त्रास जातात. एकापेक्षा जास्त फ्रेम जुळल्या तर तो एरर देतो. तिथे ‘फर्स्ट’ लावून गप्प करू नका, लोकेटर नेमका करा. नवी सूट सुरू करत असाल आणि पेमेंटचे प्रवाह बरेच असतील, तर केवळ या एका कारणासाठीही प्लेराइटचा विचार करावा असं आमचं मत आहे.

सायप्रसमध्ये आयफ्रेमसाठी तयार कमांड नाही. फ्रेमचं कंटेंट-डॉक्युमेंट काढून त्याची बॉडी रिकामी नाही याची वाट पाहायची आणि ती सीवाय.रॅपमध्ये गुंडाळायची. दुसऱ्या ओरिजिनच्या (सहसा वेगळ्या डोमेनवरून आलेल्या) फ्रेमला हे लागू पडत नाही, कंटेंट-डॉक्युमेंट ‘नल’ येतं. क्रोम-वेब-सिक्युरिटी फॉल्स केलं तर क्रोमियमच्या ब्राउझरांत वाट मोकळी होते, फायरफॉक्समध्ये नाही. गेटवेच्या फ्रेम जवळजवळ नेहमी दुसऱ्या ओरिजिनच्याच असतात, हे सायप्रस निवडण्याआधी लक्षात घ्या.

डेव्हलपरकडे काय मागायचं

तिकीटात ‘ऑटोमेशनसाठी आयडी द्या’ एवढंच लिहिलं तर ते बॅकलॉगच्या तळाशी जातं. प्रत्येक आयफ्रेमला अर्थपूर्ण टायटल हवं, ही सुगम्यतेची अपेक्षा आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला फ्रेममध्ये काय आहे ते त्या टायटलवरूनच कळतं. तिकीट असं लिहा: ‘पेमेंट पानावरील कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही या तिन्ही फ्रेमना टायटल नाही. स्क्रीन रीडर तिन्हींना नुसतं फ्रेम म्हणतो. अपेक्षित टायटल: कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही.’ फ्रेम गेटवेची लायब्ररी घालत असेल तर टायटल किंवा नेम देण्याचा पर्याय तिच्या सेटिंगमध्ये आहे का, हेही त्याच तिकीटात विचारा. नसेल तर फ्रेमभोवतीच्या डिव्हला डेटा-टेस्टआयडी मागा. तो डिव्ह तुमच्याच पानात आहे, आणि तिथून आतल्या एकुलत्या आयफ्रेमपर्यंतचा सिलेक्टर पानात कितीही फ्रेम वाढल्या तरी हलत नाही.